थांबवायची होती गोळी, थांबली सुई

"डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले. सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगर बारा वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एक गोळी (मेडिकलवाले म्हणाले त्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहेत) आणि रात्री इन्शुलिन १८ युनिट. यंदा श्रावणात कानबाई देवी उठवली त्या सोमवारी रात्री त्यांना जुलाब-उलट्या लागल्या, अंगात ताप. मंगळवारी पोटात काही ठरेना, पण मी सकाळची गोळी नेमाने दिली. दुपारी चारला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मशीनवर ५८. साखरपाणी पाजलं, उतार पडला. मी इतकी घाबरले की संध्याकाळपासून गोळी आणि इन्शुलिन दोन्ही बंद केलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'पोटमा काही नही, ते सुई कसाले?' मलाही पटलं. बुधवारी दिवसभर चहाचे दोन घोट आणि थोडं पाणी. खाल्लंच नाही म्हणून मशीन लावलं नाही. गुरुवारी सकाळी त्या धड बोलेनात. मशीनवर ४१२. धुळ्याला नेलं, चार दिवस ॲडमिट होत्या. आता बऱ्या आहेत. मिस्टर सुरतला कामाला असतात. नाशिकच्या नणंदेने त्यांना फोनवर सांगितलं की वहिनीने इन्शुलिन बंद करून आईला मरणाच्या दारात नेलं. माझं नेमकं काय चुकलं? न खाता साखर वाढते कशी? ओआरएसमध्ये साखर असते म्हणून तेही दिलं नव्हतं. पुढच्या वेळी काय करू?"
– एक सून, पारोळा तालुका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मंगळवारच्या दुपारी चारपाशी थांबले. घाम फुटल्याबरोबर 'अशक्तपणा असेल' म्हणून तुम्ही त्यांना निजवून ठेवलं नाही. मशीन काढलं, ५८ बघितला, साखरपाणी पाजलं. दवाखान्यातल्या सिस्टरने याहून वेगळं काही केलं नसतं. नणंदबाईंच्या फोनमध्ये हा आकडा आला नसणार, म्हणून तो सगळ्यात आधी लिहून ठेवते.

आता चुकीचं. चूक झाली आहे आणि ती उलटापालटीची आहे. मंगळवारी सकाळी जी गोळी द्यायची नव्हती ती दिली गेली, आणि संध्याकाळी जी सुई बंद करायची नव्हती ती बंद झाली. कुणी सांगितल्याशिवाय हे सुचण्यासारखं नाही. नुसत्या तर्काने गेलं तर माणूस नेमकं तुम्ही केलंत तेच करतो.

शेजारच्या आजींचं ते वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. अहिराणीत ऐकलंय, शुद्ध मराठीत ऐकलंय, एकदा एका विज्ञानाच्या प्राध्यापकांकडूनही ऐकलंय. साखर जेवणातून येते, जेवण नाही तर साखर नाही, मग औषध कशाला? हिशेब सरळ वाटतो. पण साखर नुसती ताटातून येत नाही.

तुमच्या माळ्यावर जुनी कणगी असेल, निदान आजेसासूबाईंच्या काळची पाहिली असेल. चार दिवस बाजारातून दाणा आला नाही तरी घर उपाशी राहायचं नाही, कारण कणगीत साठा असायचा. शरीराची कणगी म्हणजे यकृत, आपलं लिव्हर. रात्री आपण आठ-नऊ तास काही खात नाही, तरी मेंदूला साखर मिळत राहते ती तिथूनच. ताप आला, पोटात जंतूंनी धुमाकूळ घातला, की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन अशी संप्रेरकं सोडतं. त्यांचा यकृताला एकच हुकूम असतो: कणगी उघडा, लढाई चालू आहे. मग खाल्लेलं नसतानाही साखर भसाभसा रक्तात उतरते. धडधाकट माणसाचं स्वतःचं इन्शुलिन त्याच वेळी वाढतं आणि कणगीचं झाकण धरून ठेवतं. सासूबाईंच्या शरीरात ते काम रात्रीची १८ युनिटं करत होती.

तुम्ही इन्शुलिनचं नाव लिहिलेलं नाही. पण रात्री एकदाच घेतात त्यावरून ते ग्लार्जिनसारखं, चोवीस तास सावकाश चालणारं असावं. असली सुई मुळात जेवणासाठी नसतेच. झाकणावर ठेवलेला दगड समजा. मंगळवारी संध्याकाळी तो दगड उचलला गेला. बुधवारी दिवसभर ताप होता, कणगी उघडी होती, आणि मशीन डबीत होतं.

त्यात पाण्याचा हिशेब धरा. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीवाटे सांडायला लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. जुलाब-उलट्यांनी पाणी आधीच चाललेलं, लघवीने आणखी चाललं, आणि वर आलं काय? दोन घोट चहा. रक्त आटतं, घट्ट होतं, आकडा आणखी चढतो, मेंदूवर झापड येते. गुरुवारी सकाळी त्या 'धड बोलेनात' ते यामुळे. वयस्कर माणसात हे असंच होतं. आरडाओरडा नाही, दुखणं नाही. नुसतं हळूहळू मंद होत जाणं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, जरा झोप लागली.

मग ५८ कुठून आला? तो गोळीतल्या ग्लिमेपिराइडमुळे. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. ताटात भाकरी आहे की नाही हे ते बघत नाही. ग्लिक्लाझाइड त्याच्याच घरातलं. सकाळी गोळी पोटात गेली, मागोमाग भाकरी गेली नाही, आणि आदल्या रात्रीची सुई होतीच. या औषधाचा असर जवळजवळ दिवसभर राहतो. म्हणून साखरपाण्याने एकदा बरं वाटलं तरी रात्री पुन्हा घसरायची भीती असते, आणि त्या दुपारी तुम्हाला जमलेल्या गोष्टीत मला एक भर घालावीशी वाटते. ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. नंतर तासा-दोन तासांनी मोजत राहायचं, रात्रीसुद्धा. पेढा-बर्फी नको, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आता गोळ्यांचं. हा भाग जरा सावकाश वाचा, जमल्यास गोळ्यांची पट्टी हातात घेऊन.

आपल्याकडे मेडिकलवाला पाच गोळ्या मागितल्या की कात्रीने पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि आपल्या हातात येतो तो मधला चकचकीत भाग. घरी विचारलं तर उत्तर मिळतं, 'ती पिवळी गोळी' किंवा 'जेवणाआधीची'. यापुढे पट्टी अख्खी घ्या. कंपनीचं मोठं नाव सोडा, त्याखाली मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते मुलाला मोबाइलवर फोटो मोठा करून वाचायला लावा.

तिथे 'मेटफॉर्मिन' दिसलं तर उलट्या-जुलाब, अंगातलं पाणी जाणं, अशा आजारात ती गोळी थांबवायची. ही गोळी वाईट नाही, उलट मधुमेहातली सगळ्यात जुनी-जाणती आहे. पण ती लघवीवाटे बाहेर पडते. पाणी आटलं की मूत्रपिंडं मंदावतात, औषध साठत जातं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढायचा धोका असतो. पोट ठिकाणावर येऊन खाणंपिणं एक-दोन दिवस नेहमीसारखं झालं की पुन्हा सुरू करायची. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड: जेवण नाही तर गोळी नाही. तुमच्या सासूबाईंच्या एकाच गोळीत हे दोन्ही आहेत, म्हणजे तुमच्यापुरता प्रश्न सोपा आहे.

शेवट '-ग्लिफ्लोझिन' असं नाव दिसलं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, तर मात्र कान टवकारा. साखर लघवीतून बाहेर काढणाऱ्या या गोळ्या. हृदयासाठी, मूत्रपिंडांसाठी चांगल्या, मीही लिहून देते. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, आणि आता खेड्यापाड्यांतल्या डब्यांतही त्या दिसतात. आजारपणात खाणं सुटलं असताना त्या चालू राहिल्या तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं. घातकी गोष्ट अशी की मशीनवर साखर १८०-२०० च दिसते, आणि घरचे म्हणतात, शुगर तर ठीक आहे. म्हणून खाणं बंद, उलट्या, मोठा ताप, यातलं काहीही असेल तर ही गोळी बंद. बंद केल्यावरही मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, दवाखाना गाठायचा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या बहुतेकदा त्रास देत नाहीत.

बीपीच्या गोळ्या मधुमेहाच्या नाहीत, पण डबा एकच असतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांच्यामुळे पाणी आटलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो. त्या आजारात एक-दोन दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मनाने करू नका, कारण काहींचं हृदय त्यांच्या भरवशावर चालतं. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असलं दुकानातून आणून देऊ नका. तापाला साधी पॅरासिटामॉल, सहा तासांचं अंतर राखून.

आणि इन्शुलिन? रात्रीची लांब पल्ल्याची सुई शून्यावर आणायची नाही. तेवढीच ठेवायची, दोन-चार युनिटं कमी करायची की वाढवायची, हे आकडा सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. मंगळवारी ५८ नंतर मला फोन आला असता तर मीही त्या रात्रीचा डोस थोडा कमी सांगितला असता. बंद सांगितला नसता. काही घरांत सकाळ-संध्याकाळ तीस-सत्तर असं मिश्र इन्शुलिन असतं. त्यात जेवणाचं आणि कणगीचं अशी दोन्ही इन्शुलिनं एकत्र असतात, म्हणून पोट रिकामं असताना पूर्ण डोसही धोक्याचा आणि डोस बुडवणंही धोक्याचं. अशांनी फोनच करावा. ज्यांच्या घरी टाइप वन मधुमेहाचं (शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही असं) मूल आहे त्यांच्यासाठी तर हे दगडावरचं अक्षर: इन्शुलिन एक दिवसही चुकवायचं नाही, दर दोन-तीन तासांनी मोजायचं, आणि लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या घरात हव्यातच. त्यांच्याविषयी वेगळं लिहायला हवं, इथे थांबते.

ओआरएसचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो माझ्या पेशंटांपैकी निम्मे लोक मनात ठेवतात आणि विचारत नाहीत. हो, त्यात साखर असते. एक लिटरच्या सरकारी पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. म्हणजे तीन चमच्यांहूनही कमी, तीही लिटरभर पाण्यात. एका पेल्यात आली अर्धा चमचा. आपल्या नेहमीच्या कपभर गोड चहात याहून जास्त साखर असते. आणि ते ग्लुकोज चवीसाठी घातलेलं नसतं. आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जायला ग्लुकोजचा हात लागतो, त्याशिवाय पाणी नुसतं खालून निघून जातं. मधुमेह असो नसो, जुलाबात ओआरएस द्यायचं. आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात पाकीट फुकट मिळतं. फक्त दुकानातल्या रंगीत खोक्यांतली फळांच्या चवीची पेयं ओआरएस समजून आणू नका, त्यांत साखर कितीतरी पट असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली ती उगाच नाही. ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र आधी विचारावं.

पाजायचं कसं हेही सांगते. उलटी होणाऱ्या माणसाला पेला तोंडाला लावला की तो पेला परत येतो. चमचा घ्या. दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे, तासाला पेलाभर पोटात जाईल असं बघा. वरणाचं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, लिंबूपाणी, भाताची पेज, सगळं चालतं. आकडा २५०-३०० च्या वर असेल तेव्हा ओआरएस सोडून बाकी पिणं बिनसाखरेचं ठेवा. आकडा त्याखाली असेल आणि जेवण जात नसेल तर उलट थोडी साखर, थोडं पिष्ट पोटात जायलाच हवं, दर तीन-चार तासांनी चाळीस-पन्नास ग्रॅमपर्यंत. डोळ्यांसमोर माप हवं तर वाटीभर मऊ भातात हे साखर-पिष्ट साधारण तीस ग्रॅम, एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास, पेलाभर दुधात दहा. आपल्याकडे रावेर-यावलची केळी घरात लोंबत असतात आणि मधुमेह म्हटला की पहिली शिक्षा केळ्याला होते. आजारपणात, अन्न जात नसताना, अर्धं केळं कुस्करून दिलं तर मी रागावणार नाही. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी मात्र पोट नीट झाल्यावर.

मोजायचं दर चार तासांनी, खाल्लं असो वा नसो. तुमच्या पत्रातलं 'खाल्लंच नाही म्हणून मशीन लावलं नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. न खाण्याचा दिवस हाच मशीनचा दिवस. बोट आधी साबणाने धुवून कोरडं करा. रोटाचा गूळ किंवा आंब्याचा रस बोटाला चिकटलेला असला तर मशीन त्या गुळाचीच साखर मोजतं आणि ३०० दाखवून घर हादरवतं. माझ्या एका पेशंटच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे झालंय. मांडे करता करता बाईंनी बोट टोचलं, आकडा बघून नवऱ्याने गाडी काढली, दवाखान्यात हात धुवून बघितलं तर १४०. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, चुलीजवळच्या फळीवर डबी ठेवू नका. मशीनवर आकड्याऐवजी इंग्रजी दोन अक्षरं उमटली, 'हाय' वाचावीत अशी, तर ते मशीन राम राम करत नाहीये. बहुतेक मशीनांवर त्याचा अर्थ साखर ६०० च्या वर आहे, ताबडतोब निघा.

निघायचं आणखी कधी? चार-सहा तास झाले आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. चार तासांच्या अंतराने दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा ३०० च्या वर. साखर देऊनही ७० च्या वर येत नाही. लघवी जवळजवळ बंद, जीभ लाकडासारखी कोरडी. श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. छातीत दुखणं. आणि बोलण्यात फरक, नाव चुकणं, दिवसा न उठणारी झोप, हे दिसलं तर आकडा बघत बसू नका. पारोळ्याहून धुळे फार लांब नाही, तिथे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गाडीवाला शोधण्यात तास घालवण्यापेक्षा १०८ ला आधी फोन करा, गाडी दुसरी मिळाली तर मिळाली.

एक आडवळण घेते, कारण गावात हे रोज घडतं. पेशंट गळाला की आपल्याकडे पहिली मागणी 'बाटली लावा', दुसरी 'चांगली सुई मारा'. बाटलीवर डीएनएस (ग्लुकोज घातलेलं सलाइन) किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असतं, सरळ पाच चमचे साखर, तीही थेट शिरेत. साखर घसरली असेल तर तीच बाटली जीव वाचवते, पण ३५० असताना ती चढली तर आगीत तेल. आणि जिच्यामुळे तासाभरात तरतरी येते ती 'चांगली सुई' पुष्कळदा डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइडची असते. ताप उतरल्यासारखा वाटतो आणि साखर पुढचे एक-दोन दिवस उधळते. स्टेरॉइडची गरज खरोखरच असते कधी कधी, दम्यात वगैरे. पण आत पाऊल टाकतानाच 'शुगर आहे' हे सांगा, शेवटचा आकडा सांगा, सुईचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. संकोच वाटेल. मागाच.

उन्हाळ्याचीही गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, भुसावळ-जळगावची हवा तर विचारूच नका. चालू असलेली इन्शुलिनची कुपी किंवा पेन महिनाभर बाहेर ठेवता येतं असं कागदावर लिहिलेलं असतं ते २५-३० अंशांच्या खोलीसाठी. आपली पत्र्याची खोली त्यात बसत नाही. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही, गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यावं लागतं. वीज जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत इन्शुलिन, वर ओलं फडकं. माझ्या आईने हे चोपड्याला कित्येक उन्हाळे केलं.

आईचा विषय निघाला म्हणून कबूल करते. तीस वर्षांत मी हजारो चिठ्ठ्यांखाली लिहिलं असेल, 'गोड बंद, भात कमी, रोज अर्धा तास चालणे'. आजारी पडल्यावर कुठली गोळी थांबवायची आणि कुठली सुई थांबवायची नाही, हे त्यातल्या फार थोड्या चिठ्ठ्यांवर होतं. माझ्या आईला डेंग्यू झाला तेव्हा मी मुंबईला परिषदेला गेले होते आणि माझ्या भावजयीने नेमकं तुम्ही केलंत तेच केलं. घरात डॉक्टर असून. तिला मी रागावले नाही, कारण तिने विचारलं, 'ताई, तुम्ही कधी सांगितलं होतं?' त्यानंतर मी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहायला लागले.

तेव्हा सासूबाई बऱ्या आहेत तोवरच हे काम करून घ्या. पुढच्या तपासणीला जाताना सगळ्या पट्ट्या अख्ख्या घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हणा, 'ताप-जुलाब झाले तर काय करायचं ते यांच्या नावाने लिहून द्या.' साधारण असा कागद व्हायला हवा: "उलट्या-जुलाब किंवा खाणं बंद असेल तर सकाळ-संध्याकाळची गोळी बंद. रात्रीचं इन्शुलिन चालू, आकडा अमुकच्या खाली असेल तर इतकी युनिटं. दर चार तासांनी मोजणं. ओआरएस चालू. बीपीची गोळी अशी. फोन या नंबरवर, तो लागला नाही तर या नंबरवर." मधल्या रिकाम्या जागा त्यांनी भरायच्या, तुम्ही किंवा मी नाही, कारण सासूबाईंच्या मूत्रपिंडाचा, हृदयाचा अहवाल त्यांच्याकडे आहे. तो कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवा. त्याचा फोटो सुरतला पाठवा आणि नाशिकलाही.

राहता राहिल्या नणंदबाई. आई नीट बोलत नाही हे लेकीला नाशिकला बसून फोनवर कळलं असेल तेव्हा तिच्या पोटात कालवलंच असणार. घाबरलेलं माणूस आधी दोष देऊन मोकळं होतं. तुम्ही तिला उत्तर देऊ नका, हे पत्र मिस्टरांना वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर त्यांनीच बहिणीला फोन करावा. त्यांना एक काम मात्र माझ्याकडून सांगा: सुरतला बसूनही होणारं काम आहे. आजारपणाच्या दिवसांत दर चार तासांनी घरी फोन करून आकडा विचारायचा आणि वहीत मांडायचा. एकट्या बाईने दिवसभर उलट्या काढायच्या, मागोमाग चादरी धुवायच्या, गुरं बघायची आणि रात्री दोन वाजता उठून बोटही टोचायचं, हे फार झालं. दिवाळीला नणंदबाई माहेरी येतील तेव्हा त्यांना मशीन हाताळायला शिकवा. सासूबाईंचंच बोट घ्या टोचायला, मधल्या भागावर नको, कडेला. तिथे कमी दुखतं.